चाचांची जकात

२०२५ च्या रमजानमधला नववा की दहावा रोजा असेल. दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. पर्यवेक्षण आटोपून दुपारी घरी आलो, तर चाचा ओट्यावर बसलेले. चाचा म्हणजे आमच्या हायस्कूलचे निवृत्त शिपाई. एकतीस वर्षं शाळेची घंटा त्यांनी वाजवली. माझ्यापेक्षा वयाने वीस वर्षांनी मोठे, पण मला ‘सर’च म्हणतात.

सलाम-दुआ झाली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, एक ॲप उघडलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. तिथे हिरव्या अक्षरांत आकडा होता : ६,४०,००० रुपये.

“सर, इसकी जकात कित्ती निकलती?”

अडीच टक्क्यांनी सोळा हजार होतात, हे मी तोंडी सांगितलं. चाचांनी मान हलवली. म्हणाले, “उसमें सेच निकाल के देने का था. पर निकलतेच नहीं.” वीस हजार काढायला गेले तर ॲपने निरोप दिला होता : आधी तीस टक्के कर भरा, म्हणजे १ लाख ९२ हजार, मग सगळी रक्कम मोकळी होईल. हा कर भरावा का, आणि त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं तर चालेल का, हे विचारायला ते आले होते. जकातीचा प्रश्न पहिला होता, कर्जाचा दुसरा.

माझ्या पायाखालची जमीन त्याच क्षणी सरकली. याचं कारण चाचांचे पैसे बुडाले एवढंच नव्हतं. ते कारण आजवर मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. आज लिहितो.

त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. हुशार, गोड बोलणारा, बी. कॉम. करून नोकरीच्या शोधात फिरणारा. म्हणाला, एका कंपनीचं काम धरलंय, डिजिटल नाण्यांचं. इंग्रजीतलं एक पत्रक त्याने आणलं होतं. “सर, याचं उर्दू आणि मराठी करून द्या. उर्दू तुमच्या हाताचंच पाहिजे, टायपिंगचं लोक वाचत नाहीत.” मला माझ्या खुशखतीचा जरा अभिमान आहे. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, जलशाची पत्रिका, कुणाच्या निकाहचा रुक्का, सगळं गावात माझ्याच हाताने लिहिलं जातं. मी बसलो आणि तासाभरात लिहून दिलं. पत्रकात एक वाक्य होतं : हे व्याज नाही, व्यापारातला नफा आहे. मी त्याचं सुंदर उर्दू केलं. नफा कसला, व्यापार कुठला, हे विचारलं नाही. भाषांतरकाराला त्याच्याशी काय देणंघेणं, असं तेव्हा वाटलं.

त्याच्या झेरॉक्स गावभर गेल्या. चाचांनी फंडाच्या पैशातले ३ लाख ६० हजार रुपये त्या पोराच्या हातात दिले. काही रोख, काही यूपीआयने. त्याने त्याचे यूएसडीटी घेतले आणि ॲपवर चढवले. “तुम्ही विचारायचं तरी होतं मला,” मी म्हणालो. चाचा साधेपणाने म्हणाले, “पूछना क्या था सर, खत आपका था. मैं पैचाना ना.”

---

त्या रात्री तरावीहनंतर मी झोपलो नाही. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे वाचत बसलो. सहा महिने आधी वाचायला हवं होतं ते तेव्हा वाचलं.

आमच्या वाचकांसाठी सोप्या शब्दांत सांगतो. वाण्याकडे खातेवही असते. उधारी कुणी किती नेली, कुणी किती भरली, त्यात लिहिलेलं असतं. पण वही वाण्याच्या ताब्यात असते. त्याने खाडाखोड केली तर आपण काय करणार? आता कल्पना करा, की गावातल्या प्रत्येक घरात त्याच वहीची तंतोतंत नक्कल आहे, आणि नवी नोंद झाली की ती सगळ्या वह्यांत एकदम उतरते. शिवाय प्रत्येक पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाचा गणिती ठसा उमटवलेला आहे. त्याला ‘हॅश’ म्हणतात. मागच्या पानावर एक काना जरी बदलला तरी ठसा बदलतो आणि पुढची सगळी पानं खोटी ठरतात. ही झाली ब्लॉकचेन. बिटकॉइनची कल्पना ऑक्टोबर २००८ मध्ये एका टोपणनावाने प्रसिद्ध झाली आणि ३ जानेवारी २००९ ला त्या वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं.

वाचताना मला सूरह बकरातली ती लांब आयत आठवली. कुरआनातली सर्वांत लांब आयत ना नमाजवर आहे, ना रोज्यावर. ती उधारीच्या व्यवहारावर आहे. मुदतीचं देणंघेणं असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका. साक्षीदारांची वही म्हणून पाहिलं तर ब्लॉकचेन ही वाईट गोष्ट नाही. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातीच्या दाखल्यांची नोंद ब्लॉकचेनवर घेण्याचा प्रयोग २०२२ मध्ये झाला, दाखला खरा की बनावट हे कुणालाही पडताळता यावं म्हणून. एकेका कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना त्याचं मोल कळेल.

मग चाचा बुडाले कुठे? बिटकॉइनवाल्यांचा दावा असा, की इथे कुणावरही विश्वास ठेवायची गरज नाही, गणित पुरे. चाचांनी मात्र गणितावर विश्वास ठेवलाच नव्हता. त्यांनी माझ्या अक्षरावर ठेवला होता. फसवणुकीच्या बहुतेक सगळ्या कहाण्या इथेच येऊन मिळतात. साखळी तुटत नाही. साखळीपर्यंत नेणारा माणूस खोटा निघतो, किंवा माझ्यासारखा, न विचारता लिहिणारा.

---

दुसऱ्या दिवशी त्या पोराला बोलावलं. तो रडायलाच लागला. वरच्या माणसाचा फोन लागत नाही, टेलिग्रामचा ग्रुप उडाला, त्याने स्वतःच्या आईचे दागिनेही त्यात घातलेले. गावातले एकूण अकरा जण निघाले. दोन पेन्शनर, एक बेकरीवाला, एक विधवा शिलाईवाली.

जमातीच्या काही बुजुर्गांनी मशिदीच्या मागच्या खोलीत बैठक घेतली. मलाही बोलावलं. सूर एकच होता : आपलंच पोर आहे, पोलिसात नका जाऊ. पेपरात नाव येईल, लोक काय म्हणतील, आधीच दिवस कसले आहेत. त्याचा बाप थोडं थोडं करून फेडेल. एक जण तर म्हणाले, “क्रिप्टो तो गैरकानूनी है. शिकायत करनेवाले भी अंदर जाएंगे.”

ही भीती मला खरी वाटली, कारण दोन दिवसांनी आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा तिथल्या अंमलदारानेही तेच सांगितलं. “सर, हे क्रिप्टोचं बेकायदेशीर असतंय. तुम्हीच अडकाल. कशाला?” तो वाईट हेतूने बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून इथे जरा थांबून कायदा सांगतो. मी वकील नाही, बी. एड. झालेला भाषेचा मास्तर आहे. पण वाचता येतं, आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगणं हाच माझा धंदा आहे.

भारतात क्रिप्टो हे चलन नाही. दुकानदार ते नाकारू शकतो. पण ते बाळगणं, घेणं-विकणं हा गुन्हाही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या नाण्यांना ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असं नाव देऊन त्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा व्यवहार चालवणाऱ्या संस्था मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आल्या. ग्राहकाची ओळख पटवणं, नोंदी ठेवणं आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणं त्यांना बंधनकारक झालं. ज्या गोष्टीवर सरकार कर घेतं, ती कुणी लुबाडली तर तक्रार करणारा गुन्हेगार कसा ठरेल?

आणि पाहा, त्या ठगांनी कायद्यातला हा तीस टक्क्यांचा आकडाच उचलला होता. खरा कर आपण विवरणपत्र भरताना आयकर खात्याकडे भरतो. तो कुठल्या ॲपला आगाऊ द्यायचा नसतो. अडकलेले पैसे सोडवायला आणखी पैसे मागितले, की समजावं, तिथे पैसेच नाहीत. स्क्रीनवरचे ६ लाख ४० हजार हे कुणीतरी टाईप केलेले आकडे होते. चाचा जकात ज्या मालावर काढत होते, तो माल नव्हताच.

---

गुन्हा कोणता, हाही प्रश्न आहे. आपल्या बोलीत ‘चारसोबीस’ हा शब्द भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मधून आला. १९५५ साली तर त्या आकड्याच्या नावाने राज कपूरचा सिनेमा आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४२० चं कलम ३१८ (४) झालं. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. चारसोबीस मात्र भाषेतून जाणार नाही. वहीतली नोंद बदलली तरी लोकांच्या तोंडची बदलत नाही.

थापा मारून आपल्याच हाताने पैसे पाठवायला लावले तर ती फसवणूक. सांभाळायला दिलेले परस्पर गिळले तर तो विश्वासघात, कलम ३१६. हॅकरने तुमच्या पाकिटात शिरून नाणी पळवली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६. आणि चोरी? इथे एक बारीक गोष्ट आहे, भाषेच्या मास्तराला आवडावी अशी. जुन्या दंड संहितेत चोरी जंगम मालमत्तेची होत असे, आणि जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ अशी अट होती. हाताला लागेल अशी वस्तू. बिटकॉइन हाताला लागत नाही. मग त्याची चोरी होते का, यावर वाद घालायला जागा होती. नव्या संहितेत कलम २ मधल्या व्याख्येतून तो एक शब्द गळाला. आता जमीन आणि जमिनीला जखडलेलं सोडून सगळ्या प्रकारची मालमत्ता जंगम. एक विशेषण काढलं आणि न दिसणाऱ्या वस्तूच्या चोरीला कायद्यात जागा झाली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती कुणाच्या मालकीची असू शकते आणि विश्वस्त म्हणून कुणासाठी सांभाळली जाऊ शकते, असं म्हटलं. तो वाद एका गुंतवणूकदार महिलेचा होता. २०२४ च्या जुलैमध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजवर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, तेव्हा तिचं खातंही गोठवलं गेलं होतं. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. अमानत कागदाची असो, सोन्याची असो की आकड्यांची, ती खाणाऱ्याला खयानतच लागते.

महाराष्ट्रात आणखी एक हत्यार आहे : ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्यात ठेवी घेऊन बुडवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना देता येते. केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा तर योजना चालवणाऱ्याबरोबर, माहीत असून खोटी आश्वासनं देऊन लोकांना त्यात ओढणाऱ्यालाही धरतो. ‘माहीत असून’ हे शब्द मी दोनतीनदा वाचले. त्या पोरासाठी वाचले, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही.

---

कायदा कागदावर असणं वेगळं आणि मुद्देमाल हाताशी येणं वेगळं. यात आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे.

‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना अमित भारद्वाज या माणसाने उभी केली. वचन काय, तर बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा घ्या. पुढे बिटकॉइनऐवजी त्यांनी स्वतःच काढलेलं, फारसं मोल नसलेलं नाणं लोकांच्या हातावर ठेवलं. ईडीने सांगितलेला आकडा २०१७ च्या भावाने ६,६०० कोटींचा आहे. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे नोंदले गेले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारद्वाजला दिल्लीत अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये तो खटला निकाली निघण्याआधीच वारला. त्यानंतर फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात केंद्र सरकारला विचारलं, बिटकॉइन बेकायदेशीर आहे की नाही ते एकदा स्पष्ट सांगा. पुढे न्यायालयाला आरोपीला सांगावं लागलं, की पाकिटाचं नाव आणि पासवर्ड तपास यंत्रणेला दे. तिजोरी फोडता येते, कुलूप तोडता येतं. हे कुलूप किल्लीवाल्याशिवाय उघडतच नाही.

त्याहून पुढची गोष्ट मार्च २०२२ मधली. या तपासात मदतीसाठी पोलिसांनी बाहेरचे दोन सायबर तज्ज्ञ घेतले होते, त्यातले एक माजी आयपीएस अधिकारी. जप्त पाकिटांतली नाणी स्वतःकडे वळवल्याच्या आणि कमी शिल्लक दाखवणारे फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. हे आरोप आहेत. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण प्रश्न उरतो. दरोड्यातलं सोनं जप्त झालं की पंच बोलावतात, वजन करतात, लाखेचं सील लावतात, मालखान्यात ठेवतात. या नाण्यांचं सील म्हणजे काय? पंचांनी काय पाहिलं म्हणून सही करायची? पाकिटाचे ते बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द कुणी डोळ्यांनी वाचून लक्षात ठेवले, तरी मुद्देमाल गेलाच म्हणायचा. गेनबिटकॉइनचा देशभरचा तपास आता सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी साठहून अधिक ठिकाणी झडती घेतली, तेव्हा सुमारे २४ कोटींची क्रिप्टो जप्त केल्याचं सांगितलं. ६,६०० कोटी आणि २४ कोटी. अंतर तुम्हीच पाहा.

नव्या कायद्यांनी काही फटी बुजवल्या आहेत. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचं आहे. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची वाट कलम १०७ मध्ये आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा हॅश लिहावा लागतो. ज्या ठशावर ब्लॉकचेन उभी आहे, तोच ठसा आता पंचनाम्याला आधार देतो.

---

फिर्याद लिहायला आम्ही तीन दिवस घेतले. फिर्याद, जबाब, मुद्देमाल, इसम, हजर, जप्ती. ठाण्यातली अर्धी मराठी फारसी-अरबीतून आलेली. वर्गात हे शब्द सांगताना मुलं खूश होतात. त्या दिवशी मात्र मला दुसरंच दिसलं. चाचांना फिर्याद हा शब्द कळत होता, यूएसडीटी कळत नव्हतं. ॲपवाल्या पोराला यूएसडीटी कळत होतं, फिर्यादीत काय लिहायचं ते कळत नव्हतं. अंमलदाराला दोन्ही जोडायचे होते आणि वेळ नव्हता. मधे एक लिहिणारा हवा होता.

आम्ही काय काय लिहिलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून. प्रत्येक पैसा कधी, कुणाला, कसा दिला. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. ज्या पत्त्यावर नाणी गेली तो पाकिटाचा पूर्ण पत्ता, एकही अक्षर न गाळता. व्यवहाराचा हॅश आणि नेटवर्कचं नाव. ॲपची लिंक, टेलिग्रामचं नाव, मोबाईल नंबर. चॅट पुसायची नाही, फोन रिसेट करायचा नाही. पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० ला फोन करायचा, मग राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवायची. तास मोलाचे असतात, कारण बँक खातं गोठवता येतं, आणि यूएसडीटी काढणारी टेदर कंपनीही पोलिसांच्या विनंतीवरून एखादा पत्ता गोठवू शकते. आम्ही मात्र आठवडा बैठकीत घालवला होता. इंटरनेटवरून तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलीच नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं, त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. आणि “तुमचे बुडालेले पैसे काढून देतो” म्हणणाऱ्याचा फोन आला, की तो पहिल्या ठगाचाच भाऊ समजायचा.

ब्लॉकचेनची एक गंमत त्या दिवसांत पाहिली. आमच्या शाळेतल्या एका मुलाने साखळी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तो पत्ता टाकला आणि चाचांचे पैसे दिसले. या पाकिटातून त्या पाकिटात, तिथून तिसऱ्यात, तारीखवार, वेळेसह. कुणालाही पाहता येतात. पण त्या पत्त्यामागे माणूस कोण, हे वही सांगत नाही. ते पोलिसांनी एक्स्चेंजला पत्र लिहून विचारायचं. चाचा बराच वेळ स्क्रीन पाहत होते. “दिखते, पर हात को नहीं आते,” एवढंच म्हणाले.

काही जण मला म्हणतात, सर, हे हरामच होतं, म्हणून बुडालं. या विषयावर आलिमांत मतभेद आहेत. तुर्कस्तानच्या दियानेतने २०१७ मध्ये, इजिप्तच्या मुफ्तींनी त्यानंतर लगेच आणि इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये विरोधी मत दिलं. मलेशियाच्या शेअर बाजार नियामकाच्या शरई सल्लागार मंडळाने २०२० मध्ये अटी घालून डिजिटल मालमत्तेच्या व्यवहाराला मुभा दिली. तो वाद आलिमांनी करावा. माझं म्हणणं एवढंच, की माल हराम की हलाल यावर भांडताना लुबाडणाऱ्याला सूट मिळू नये. २०१९ मध्ये बेंगळुरूची ‘हलाल’ म्हणवणारी एक मोठी गुंतवणूक कंपनी बुडाली, तेव्हा त्यात ना बिटकॉइन होता ना ब्लॉकचेन. तिथेही लोकांना आत नेणारा शब्द ‘हलाल’ हाच होता, आणि तो लिहिणारे, सांगणारे आपलेच होते.

---

जबाब नोंदवताना सहायक निरीक्षकांनी विचारलं, पत्रक कुणी लिहिलं? खोलीत चाचा होते, जमातीचे दोघे होते. कुणी काही बोललं नाही. चाचा खाली पाहत होते. त्यांनी सांगितलं नसतं, याची मला खात्री आहे.

सूरह निसामध्ये हुकूम आहे, न्यायाची साक्ष द्या, मग ती स्वतःच्या विरुद्ध का असेना. किती वेळा दर्समध्ये ऐकलं असेल. मी म्हणालो, “साहेब, अक्षर माझं आहे. लिहून घ्या.” त्यांनी वर पाहिलं. पैसे घेतले का, विचारलं. नाही म्हणालो. योजना माहीत होती का? नाही. मग का लिहिलं? याचं उत्तर मला देता आलं नाही. “विद्यार्थी होता,” असं काहीतरी बोललो. तेच त्यांनी जबाबात उतरवलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. नंतर दोनदा बोलावणं आलं, गेलो. तो पोरगा आरोपी आहे, जामिनावर आहे. त्याची आई रस्त्यात भेटली तर आजही मान वळवते. तिचं चुकत नाही, तिचेही दागिने गेले आहेत.

पैशाचं काय? परराज्यातल्या एका बँक खात्यात थोडी रक्कम गोठलेली सापडली. न्यायालयात अर्ज करून चाचांच्या वाट्याला ३८ हजार आले. बाकीचे तपासात आहेत.

त्या सोळा हजारांच्या जकातीचं मी आमच्या मुफ्तीसाहेबांना विचारलं होतं. म्हणाले, जो माल परत मिळण्याची आशा राहिली नाही त्याला फिकहमध्ये ‘माल-ए-जिमार’ म्हणतात, हनफी मतानुसार त्यावर जकात नाही. चाचांना सांगितलं. त्यांना बरं वाटलं. रक्कम गेल्यापेक्षा जकात डोक्यावर राहिली, हेच त्यांना जास्त लागत होतं.

हा लेख छापण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. अट त्यांचीच होती. “अब कुच बी लिखे तो पैले मेरेकू पढ़ के सुनाव, सर.” सगळा ऐकून त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली : तीन लाख साठ नाही, तीन लाख बासष्ट. दोन हजार त्या पोराला चहापाण्याला वेगळे दिले होते, ते फिर्यादीत राहिले. आम्ही पुरवणी अर्ज लिहिला. चाचांनी तो हातात घेतला, एकेक ओळ बोट ठेवून वाचून घ्यायला लावली आणि मगच सही केली.